झऱ्याजवळचा काळा दगड

ताईस धाकट्याचा नमस्कार,

मी बरा आहे. पाहुण्यांना टेकडीवरची देवळं, जुनी झाडं दाखवत फिरायचं काम पायांना मानवलंय. तुझा गुडघा कसा आहे?

काल पाहुण्यांत भाऊजी होते, नव्या बायकोसोबत. माझ्या दाढीमुळे त्यांनी मला ओळखलं नाही. झऱ्याजवळच्या काळ्या दगडापाशी मी नवाच इतिहास सांगितला. बाळंतीण बायकोला घराबाहेर काढणारा एकजण इथं पुण्य मागायला आला आणि त्याचा दगड झाला. भाऊजींचा चेहरा उतरला. त्यांच्या बायकोनं विचारलं, "मग त्या बाळंतिणीचं काय झालं?"

"तिनं लेकीला शिकवून मास्तरीण केलं." तेवढं मात्र खरं सांगितलं.

देवाच्या दारात खोटं बोललो, म्हणून संध्याकाळी माफी मागितली. उद्याही मागेन, कारण उद्याही हीच गोष्ट सांगणार आहे.

भाचीला आशीर्वाद.

तुझाच,
धाकटा