रोहित बघायला आलेली माणसं

अंजूर, शुक्रवार

तीर्थरूप रंगूआक्कास,

आधी आली ती टोपीवाली पोरगी, तिच्या मागनं गळ्यात दुर्बीण अडकवलेले तिचे काका आणि सगळ्यात शेवटी धापा टाकत काकी. थांब, आधी रीत. पाया पडते, तुझ्या दुखऱ्या गुडघ्याला हात न लावता. कसा आहे तो? माझे दोन्ही बरे आहेत, म्हणून तर हे सगळं घडलं. फोनच केला असता, पण फोनवर मी बोलले की माझी सून करिष्मा ऐकते (भाजी चिरता चिरता, सुरी थांबवून), म्हणून किशनच्या रिक्षातून चिठ्ठी धाडते. अक्षराला हसू नको, शाळा चौथीतच सुटली ते तुला ठाऊक आहे. तर खबर अशी, की तुझ्या रोहितला बघायला माणसं आली होती. मुलीकडची. आपण होऊन!

झालं असं. सकाळी घर उठायच्या आत मी नदीच्या बांधानं फिरायला निघाले, पार खाडीच्या तोंडापर्यंत. एकटी. (हितेशनं बंदी घातली आहे, गेल्या पावसात आई चिखलात पडली म्हणतो. पडले नव्हते, बसले होते.) या दिवसांत ऊन चढायच्या आधी बांधावर जो वारा असतो ना, तो तुला तिकडं वडप्याच्या ट्रकांच्या धुरात कळायचा नाही. टिटवी माझ्यावर अशी ओरडली, जसा काही बांध तिच्याच सातबाऱ्यावर आहे. पाणकावळा पंख पसरून वाळत बसला होता. खंड्या तारेवरून पाण्याकडं टक लावून होता, हुबेहूब आमचे हे, चहाची वाट बघताना. (देव त्यांना तिकडं वेळेवर चहा देवो.) आणि मग झुडपातनं भारद्वाज निघाला! सकाळी सकाळी भारद्वाज दिसला, म्हणजे आज काहीतरी चांगलं होणार. वळून बघते तर ही मंडळी.

पोरीनं वाकून विचारलं, "आजी, इथं रोहित येतात का?"

आक्का, येतात म्हणाली! अजून तोंड बघितलं नाही, तरी एवढा मान. माझं काळीज सुपाएवढं झालं. गोडाऊनची रात्रपाळी ऐकली की मुलीकडचे अर्धा चहा टाकून उठतात, आणि ही माणसं भल्या सकाळी चालत आली होती. मी म्हटलं, "येतो की! आपलाच पोर हाय." काकी म्हणाली, किती माया हो यांची. काकांनी विचारलं, थव्यानं असतात का? मी म्हटलं, एकटाच हाय हो, अजून जोडी न्हाय. पोरगी चुकचुकली. (तिथंच मला समजलं, हिचं मन बसलं.) खातात काय, तर मी खरं ते सांगितलं, खाडीच्या चिखलातले मासे, निवट्या, कितीही द्या. सकाळच्या वेळी कुठं असतात, तर म्हटलं वडप्याला, गोडाऊनच्या पत्र्याखाली. त्यावर काकीचे डोळे भरून आले. म्हणे, सगळीकडं गोडाऊनंच झाली, कुठं जातील बिचारे? मी समजूत घातली, त्याची काही तक्रार न्हाय. मग काका म्हणाले, एका पायावर उभे असतात ना? मी म्हटलं, "अहो, तो तर एका पायावर तयार हाय!"

फक्त रंग गुलाबी असतो असं काका म्हणाले, तेव्हा मी पाण्याकडं बघितलं. रंगाचं मी कुठं काही बोलले नाही. मान लांब, पाय काटकुळे, एवढं तर जमतंच आहे.

पोरीचं नाव मृणाली. ठाण्यात शाळेत शिकवते, लग्न झालेलं नाही (सरळ विचारलं). चिखलातली एक निवटी हातात धरून निरखत बसली, नाक मुरडलं नाही. खाडीकाठच्या घराला अजून काय पाहिजे?

तुझी धाकटी,
तुळजा

ता. क. आत्ता नातवाला, दीपेशला, हे सांगितलं तर तो हसून हसून पलंगावरून खाली आला. म्हणतो, आजी, पुस्तकात फ्लेमिंगोला रोहित म्हणतात! म्हणजे ते गुलाबी, लांब तंगड्यांचे, ज्यांना आपण परदेशी बगळे म्हणतो ते. असू दे. वरचं मी काही खोडत नाही. भारद्वाज खोटा नव्हता आणि पोरगीही खरी आहे.

आणखी एक. हितेशनं विचारलं तर सकाळी मी तुझ्याकडं होते. किशनला पढवलं आहे.

आणि आता कामाचं. रोहितची पाळी बदलून घे. गेल्या हळदीला घातलेला तो गुलाबी शर्ट इस्त्री करून अंगावर चढव आणि त्याला इकडं पाठव. निघताना पोरीनं मागं वळून विचारलं, "नक्की येतील ना रोहित?" मी शब्द देऊन बसले आहे. पाखरांचा भरवसा मी काय देणार? पण एक तरी रोहित बांधावर उभा पाहिजे, दोन पायांवर असला तरी चालेल. रविवारी येते म्हणाली, ओहोटी लागली की.