‘ता’ आणि ‘क’

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. तुम्हा उभयतांच्या प्रकृतीची चौकशी करणार होतो, पण आधी माझी तक्रार ऐक. माझी मिशी गेली. सव्वीस वर्षांची, सुस्वभावी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. शाळेतल्या स्पीच थेरपीच्या बाईंनी तिचा बळी घेतला. तुझी टिकली (तुमची बदली झाल्यापासून माझ्याकडे राहून पहिलीत जाणारी, आणि स्वतःला ‘टितली’ म्हणणारी) माझं तोंड बघून उच्चार शिकणार, तेव्हा बाई म्हणाल्या, “सर, पडदा वर गेल्याशिवाय नाटक कसं दिसणार?” जन्मभर संस्कृत शिकवलेला मी त्याच संध्याकाळी न्हाव्यापुढं जाऊन बसलो.

बाईंची खोली म्हणजे पूर्वीची नकाशे ठेवायची कोठी. भिंतीवर अजून एक फिकट समुद्र लटकतो. खाली चटई, आरसा आणि सहा मुलं (जागाच तेवढ्या). दुपारचं ऊनही तिथं दबकत येतं. कुणी ‘स’ शोधत असतं, कुणाचं वाक्य अर्ध्यावर उभं असतं, आणि बाई त्याची वाट बघत बसतात. वर्गात कोण थांबतंय? तिथं टिकलीनं ‘कमळ’चं ‘तमळ’ वाचलं आणि सगळे हसले. तेव्हापासून ती हजेरीलाही नुसता हात वर करते.

क कंठ्य, त दंत्य, हे मी हजारदा फळ्यावर लिहिलं असेल. पण दातांशी अडलेल्या ककाराला कंठापर्यंत पोचवायचं कसं, हे कधी शिकलोच नाही. बाईंनी आम्हा दोघांना चटईवर उताणं निजवलं (जीभ आपसूक मागं सरते म्हणे) आणि पाण्याशिवायच गुळण्यांचा आवाज काढायला लावला. त्या समुद्राखाली खळखळता खळखळता माझा डोळा लागला. स्वप्नात सगळी वर्णमाला चपला घालून आपापल्या घरी निघाली होती. पवर्ग ओठांच्या ओसरीवर टेकलासुद्धा. एक ‘क’ मात्र चुकून दातांच्या उंबऱ्यावर बसलेला. म्हटलं, चल, घरी सोडतो. तो म्हणाला, बसू दे ना थोडं.

जाग आली ती शेजारच्या आवाजानं. “क.” स्वच्छ, कंठातला. टिकली स्वतःच दचकली. बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत, आरसा तिच्यापुढं सरकवून म्हणाल्या, “परत भेटला तर ओळख दे हं त्याला.”

येताना टिकलीनं विचारलं, “ताता, मिशी परत येईल ना?” म्हटलं, येईल.

बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. (या दोन अक्षरांतच आमच्या घरचा सगळा तंटा आला बघ.) आतापर्यंतचे दोन आठवडे नुसते चाचणीचे होते. वर्षभराची जागा हवी तर सोबतच्या फॉर्मवर आईची किंवा वडिलांची सही लागते. काकाची चालत नाही, विचारून पाहिलं. सोमवारपर्यंत पोचला नाही तर जागा दुसऱ्या मुलाला जाईल. उलट टपाली पाठव.

आणखी एक ता. क. फॉर्म मिळून नऊ दिवस झाले. बाईंना ‘सापडत नाही’ म्हणत होतो. तो शब्दकोशात होता, ‘तात’ या शब्दाच्या पानावर. तात म्हणजे बाप, हे टिकलीला ठाऊक नाही, मला आहे. काल हजेरीला तिनं पुन्हा नुसता हात वर केला, म्हणून आज हे पत्र टाकतोय. क आला की मी काका होईन, वर्ष सरलं की तुम्ही तिला न्याल, आणि मला ताता म्हणणारं कुणी उरणार नाही. भीती आहे ती एवढीच, दादा. तू सही कर.