नापास मुलांना आधी बोलावलं

अराद, इस्रायल. मार्च १९९८. मंगळवार, संध्याकाळ.

आज नातीच्या कॉलेजात युनिव्हर्सिटीची माणसं तपासणीला आली होती. कॉलेज लहान, पण डिग्री युनिव्हर्सिटीच्या नावाची. ते नावच काढून घेतलं तर रीनाच्या शिक्षणाचं काय? दुपारी जेवण गेलं नाही.

सकाळीच तिला म्हटलं, "तू गणितात नापास. आज घरीच बस." आमच्या शाळेत दिपोटी साहेब तपासणीला यायचे तेव्हा मास्तर कच्च्या पोरांना घरीच ठेवायचे. मीही त्या कच्च्या पोरांतलाच. शाळेची अब्रू राखायला नको? रीना हसली. "सबा, तुझी कोकणातली शाळा कोकणातच राहू दे." आजोबाला ती हिब्रूतच हाक मारते. गेली.

आत्ता आली. म्हणते, तपासणीला आलेल्या प्रोफेसरबाईंनी नापास मुलांनाच आधी बोलावलं. आधी त्यांनाच! आणि हिनं सांगूनही टाकलं, सर भरभर शिकवतात, सरावाला तासच नाही. मी म्हटलं, "अगं, आपल्याच कॉलेजची चहाडी? नाव गेलं म्हणजे?"

"नाव कुठं जात नाही, सबा. सरावाचा तास मिळाला. पेपर मात्र युनिव्हर्सिटीचाच. सोपा करणार नाहीत."

सोपा करणार नाहीत, हे ऐकून उलट बरं वाटलं. म्हणजे डिग्री खरी असणार.

तरी विचारलंच, "बाई रागावली नाही ना तुझ्यावर?"

"रागावते कशाला? स्वतः उठून मला खुर्ची दिली तिनं."

नापास मुलीला खुर्ची. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच म्हणाली.