बायकोने सांगितलेली कामं

प्रिय धाकट्या,

फोन करायचा सोडून पत्र लिहितेय म्हणून दचकू नकोस. सगळं ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं ते कायमचंच. शेजारीण म्हणते जिना चढू नका, म्हणजे मी काय उडत घरी जाऊ? फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. 'वहिनी, जेवलात का, औषध घेतलंत का' करत विषयाला बगल देतोस, आणि मीही शहाण्यासारखी उत्तरं देत बसते. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद घेतला.

आज सकाळी तुमच्या प्रोग्रामची मार्गदर्शिका उघडली. तुझा दादा गेल्यापासून पहिल्यांदाच. तू नवा नवा नोकरीला लागलास, खोली मिळेपर्यंत आमच्या सोफ्यावर मुक्काम ठोकलास, आणि तिथेच तुम्हा दोघांच्या डोक्यात ते खूळ शिरलं. लोकांच्या फाइलींची दुसरी प्रत जपून ठेवणारा प्रोग्राम. कुणीही फुकट वापरावा, कुणीही उघडून दुरुस्त करावा. ओपन सोर्स हा शब्द मी तेव्हा चहा गाळता गाळता ऐकला. नवरा लष्कराच्या भाकऱ्या भाजायला निघालाय, एवढं मात्र लगेच कळलं.

प्रोग्राम तू लिहायचास, मार्गदर्शिका तो, आणि प्रयोगाचा उंदीर मी. पान लिहून झालं की मला खुर्चीत बसवून स्वतः मागे उभा राहायचा, दोन्ही हात डोक्यावर ठेवून. हात मोकळे राहिले तर मदत करायचा मोह होतो म्हणे. मी वाचायचे आणि वाचलं तसं करत जायचे. अडले तरी विचारायची सोय नाही, विचारलं तर हा मुका. तू सोफ्यावर हसू दाबत बसलेला. सुरुवातीला मला रागच यायचा, वाटायचं माझी अक्कल काढतात दोघं. पण मी अडले की तो म्हणायचा, वाचणारा अडला तर चूक पानाची, आणि तिथल्या तिथे ते वाक्य खोडून दुसरं लिहायचा. अख्ख्या संसारात माझं इतकं निमूटपणे त्याने फक्त तिथेच ऐकलं. पुढे मीच वाक्यं सुधारायला लागले, तेव्हा इतरांचे बदल मंजूर करायचा हक्क त्याने मलाही दिला. नियम मात्र सगळ्यांना सारखा: आपला बदल आपण मंजूर करायचा नाही.

ते प्रत ठेवायचं पान आठवतंय ना? उदाहरणाला फोल्डर हवा होता, तर पठ्ठ्याने नाव दिलं 'बायकोने सांगितलेली कामं'. खाली लिहिलं, 'हा उडाला तरी घाबरू नका, मूळ प्रत बायकोच्या डोक्यात असते.' कुठकुठल्या अनोळखी लोकांनी हसून पत्रं पाठवली. मी आठवडाभर फुगून बसले होते. खोटं खोटं, हे त्यालाही माहीत होतं.

आज त्याच पानाखाली एका बाईची तक्रार वाचली. शाळेत शिकवते. तिने पानावर लिहिलंय तसंच, अक्षरन् अक्षर केलं. पण नव्या आवृत्तीत तू क्रम उलटा केलास: आधी काय जपायचं ते सांगायचं, मग कुठे. पान मात्र जुन्याच क्रमाचं राहिलं. तिचा रिकामा फोल्डर भरलेल्या फोल्डरवर जाऊन बसला आणि तिच्या आईच्या आवाजाची रेकॉर्डिंगं पुसली गेली. आई आता नाही. एवढं होऊनही शेवटी लिहिते, माझंच काहीतरी चुकलं असेल.

आणि मग दिसला तुझा बदल. गेल्या वर्षीपासून तयार. ते पान काढून त्या जागी सगळं नव्याने लिहिलेलं, बरोबर क्रमाने, चेष्टा न करता. फक्त दुसऱ्या कुणाच्या मंजुरीसाठी पडून राहिलेला. तू कुणाला विचारलंच नाहीस. माझ्यासाठी थांबलास ना? वहिनीला कसं सांगायचं, की दादाचं पान आता लोकांना खड्ड्यात घालतंय? मला तुझा भयंकर राग आला. समोर असतास तर कान पिळला असता. मग रडू आलं, आणि राग कुठल्या कुठे गेला.

डोळे पुसले, खुर्ची ओढली, आणि तुझं पान उघडून लिहिलंय तसं करत गेले. मध्येच अडले. 'जागा निवडा' म्हणतोस, पण कुठली, ते कोण सांगणार? सवयीने मागे वळून बघितलं. मग तिथे घालायला एक वाक्य मीच लिहिलं. तुझा बदल मंजूर केला. त्याचं पान आता तिथे नाही. हे तुला पडद्यावर कळण्याआधी माझ्याकडून कळावं असं फार वाटत होतं, पण पडदा टपालापेक्षा चपळ, तेव्हा तुला एव्हाना कळलंच असेल. तरी माझ्या हातचंही वाच: मी ते जाणूनबुजून केलंय आणि मला तुझ्यावर रुसायचं नाहीये. त्या बाईंनाही कळवलं, चूक पानाची होती, तुमची नाही. माझं वाक्य मात्र नियमाप्रमाणे तुझी वाट बघत थांबलंय. ते तिकडे बसून मंजूर करू नकोस. रविवारी घरी ये, मला खुर्चीत बसव आणि हात डोक्यावर ठेवून मागे उभा राहा. इतके महिने आला नाहीस, आता ये. आणि पान गेलं म्हणून जीव जाळू नकोस. जुन्या नोंदींत सगळं राहतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. मी उघडून बघितलं. फोल्डर आहे तिथेच, आणि कामंही तशीच पडलीत. नळ तेवढा मी दुरुस्त करून घेतला.

तुझीच,
अजूनही मध्येच अडणारी वहिनी