प्रशांत महासागराने काढलेली तारीख

४ जून २०२३, रविवार
सुकन्याच्या लग्नाची तारीख मी काढली. २३ जुलै. आपल्या बौद्धांत मुहूर्त बघत नाहीत, मी विज्ञान बघितलं. प्रशांत महासागर तापलाय. म्हणजे एल निनो. म्हणजे आपल्याकडे पाऊस कमी, उकाडा जास्त. हॉलमध्ये पाहुणे शिजतील, म्हणून टेमघरचं मोकळं मैदान. चंपा म्हणाली, समुद्र तापला तिकडं पेरूला, त्याला इचारून आपल्या पोरीचं लगीन कशाला? बायकोला जागतिक दृष्टी नाही. ठराव: वाद घालायचा नाही.

१८ जून
पावसाचा पत्ता नाही. वळ गावातल्या गोडाऊनमध्ये, माझ्या डिस्पॅचच्या टेबलावर, घामाने मालाची चलनं भिजतायत. मी खूश. चंपाने निजामपुऱ्यातला हॉल गुपचूप धरून ठेवला होता, तो जाऊन कॅन्सल केला. एल निनोच्या व्हिडिओचा पहिला भाग परत पाहिला. दुसरा हिंदी महासागरावर आहे. एका वेळी एकच समुद्र.

२६ जून, सकाळ
पडला. किरकोळ.

९ जुलै
रोज पडतोय. सरासरी भरलेली नसणार. व्याही सावळाराम यांचा फोन. मंडपावर पत्रा हाय ना? म्हटलं, कापड आहे, हवेशीर. मग सुकन्याने विचारलं, पप्पा, नक्की ना? हो म्हणालो. घरात माझ्यावर विश्वास ठेवणारी ती एकटीच. मंडपवाल्याला फोन करून कापड किती जाड ते विचारलं. सहज.

१९ जुलै
मैदानात घोट्याएवढं पाणी. चंपाला न सांगता हॉलवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, अब तो पूरा हॉल कपड़े के तागों से भरा है, बारिश में भीग जाते ना. म्हणजे तागे कोरडे राहणार. माझी मुलगी भिजणार.

२१ जुलै, दुपार
दुसरा भाग पाहिला. म्हणे हिंदी महासागराने साथ दिली तर एल निनोतही चांगला पडतो. आणि अंदाज अख्ख्या मोसमाचा असतो, एका दिवसाचा नव्हे. हे पहिल्या भागात सांगायला काय झालं होतं? गोडाऊनमधून माल रचायचे साठ लाकडी पॅलेट आणलेत, त्यांच्यावर मंडप उचलतो. अजून दीड दिवस आहे. नवस बोलायची आपल्यात सोय नाही, नाहीतर आज बोललो असतो.

२३ जुलै, संध्याकाळ
सकाळी पॅलेट तरंगत नाल्याकडे निघाले. मी त्यांच्या मागे. सावळारामांनी सगळ्यांना बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावर नेलं. सुकन्याचे चार फोन आले. पप्पा, या, सगळे थांबलेत. चारही वेळा म्हणालो, पाच मिनिटं, उघडतंय.

पोचलो तेव्हा बुद्धवंदना संपली होती, हार घालून झाले होते, बौद्धाचार्य चहा पीत होते. माझ्या मुलीचं लग्न माझ्याशिवाय झालं.

ती रागावली नाही. तिने नवऱ्याला, हरेशला, हार काढायला लावला, स्वतःचा काढला, आणि दोघांनी माझ्यासमोर परत घातले. मी ओल्या पँटीत उभा राहून रडलो.

तेवढ्यात बाहेर लख्ख उघडलं. चंपाने खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खिडकीला पाठ केली आणि चहा घेतला.