दुसरा धक्का

४ फेब्रुवारी, धारूर

मी ऑटोपायलट पुन्हा का लावला? चार दिवस स्वतःला विचारतेय.

तीस हजार फुटांवर विमानाने आपोआप नाक खाली घातलं. संजय सर — आमचे कॅप्टन — त्यांनी ऑटोपायलट बंद केला, हाताने विमान सावरलं. मग बिघाडाची यादी वाचायला घेतली आणि विमान माझ्याकडे, को-पायलटकडे, दिलं. "हातानेच चालव. बटणाला शिवू नकोस." मी हो म्हटलं. मिनिटभराने दाबलं!

पुन्हा तेच. नाक खाली. मागे आमची एअर होस्टेस सायली छतावर आपटली.

विमानातल्या नोंदीत बटण दाबल्याची वेळ आहे. बोट कोणाचं, ते नाही. कॉकपिटमधल्या बोलण्याची टेप पुढच्या रेकॉर्डिंगखाली पुसली गेली.

६ फेब्रुवारी

सत्कार झाला. 'विमान वाचवणारी लेक' — फ्लेक्सवर माझ्यापेक्षा गावचे पुढारी सुंदररावांचा फोटो मोठा. आमच्या भीमनगरात ते मतं मागायलाही कधी आत आले नव्हते. हार घालताना माझ्या वडिलांना, अण्णांना, म्हणाले, "कचरू, लई उंच गेली हाय पोरगी. पडली तर आवाजबी लई मोठा व्हईल." सगळे हसले. अण्णाही हसले — हात जोडून.

७ फेब्रुवारी

शाळेत बोलावलं होतं. मुलींना सांगितलं, चूक झाली तर आपणहून कबूल करा. टाळ्या!

८ फेब्रुवारी

सायलीचा दवाखान्यातून फोन. ती गेवराईची. विमानात आम्ही दोघीच गावाकडचं बोलायचो. कमरेखाली अजून काही कळत नाही म्हणे.

"ताई, पहिल्या धक्क्यानंतर मी उठले व्हते. एक आजी पडल्या व्हत्या, त्यांना बसवीत व्हते. दुसरा काहून बसला?"

यंत्राचं काही सांगता येत नाही, म्हटलं.

"हां. यंत्रच हाय ते," ती म्हणाली. माझीच समजूत घातल्यासारखी.

१० फेब्रुवारी

सरांचा फोन. चौकशीत त्यांनी 'गडबडीत कोणी दाबलं ते सांगता येत नाही' एवढंच सांगितलंय. त्यांच्या निवृत्तीला सात महिने आहेत. मला म्हणाले, "मी तुझं नाव घेणार नाही. तू स्वतः सांग."

सांगितलं तर लायसन्स जाईल. सरकारी शिष्यवृत्तीवर मिळालेलं, घराण्यातल्या पहिल्या पदवीनंतरचं. लेखी जबाब परवापर्यंत द्यायचाय.

१२ फेब्रुवारी

जबाब सकाळीच पाठवला — बटण सरांनी दाबलं. मग सायलीला फोन करून तिलाही सरांचं नाव सांगितलं.