जिन्यावरची पाटी

ट्यूबिंगन, जर्मनी
२० ऑक्टोबर २०२४

ती. आबांस,
भावनाचा सविनय जयभीम.

वि. वि. तुमच्या नियमाप्रमाणे फोनवर फक्त खुशाली सांगितली. विचार करण्यासारखे जे आहे ते हाताने लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. अक्षराबद्दल आधीच क्षमा मागते; थंडीने बोटे आखडतात.

भूजलशास्त्राचे वर्ग सुरू झाले. आपल्याकडच्या बोअरची खोली मी वर्गात सांगितली, तेव्हा मी फूट आणि मीटर यांत घोटाळा करते आहे असे प्राध्यापकांना वाटले. आईला सांगा, शेंगदाण्याची चटणी संपली. निम्मी वर्गातल्या मुलींनी पावाला लावून खाल्ली आणि पाणी पीत राहिल्या.

आता मुख्य गोष्ट. काल सकाळी दार उघडले तर मुठीला दोरीने एक लाकडी पाटी अडकवलेली होती आणि भिंतीला टेकवून झाडू ठेवलेला होता. पाटीवरचा शब्द शब्दकोशात पाहिला. अर्थ निघाला ‘झाडण्याचा आठवडा’. इमारतीत आठ बिऱ्हाडे आहेत. मी चारही मजले फिरून उरलेली सात दारे पाहिली. एकावरही पाटी नव्हती. त्या सात दारांमागे माझ्या रंगाचेही कोणी नाही. पाटी तळमजल्यावरच्या लांगेबाई लावतात, असे कळले. त्या ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकून चालणाऱ्या, निवृत्त न्यायाधीश आहेत. मी राहायला आले त्या दिवशी त्यांनी माझ्या आडनावाचा अर्थ विचारला होता. तेव्हा ते साधे वाटले. आता वाटत नाही.

मी कोणाशी भांडले नाही. पाटी काढून टेबलावर ठेवली आहे आणि तिच्याकडे पाहतच हे लिहिते आहे. काय करू ते कळवावे. तुमचा धाक आणि माया दोन्ही इथपर्यंत पोचू द्यावीत.

आपली नात,
भावना

*

मस्तगड, जुना जालना
२२ ऑक्टोबर २०२४

चि. भावना हिस,
तातेरावाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. एकदा आजोबा म्हणून, एकदा तर्कशास्त्राचा अध्यापक म्हणून. दुसरे वाचन अधिक उपयोगाचे ठरले.

दारे आठ, पाटी एकाच दारावर आणि ते दार तुझे. ज्या भेदाचे कारण सांगितले जात नाही, त्याचे कारण सांगण्याजोगे नसते. न्यायदान केलेल्या व्यक्तीच्या हातून हे अनवधानाने घडले असे मानण्यास मला आधार दिसत नाही. मात्र ‘माझ्या रंगाचे कोणी नाही’ हे तुझे वाक्य तक्रारीत घालू नकोस. ते अनुमान आहे, निरीक्षण नव्हे, आणि प्रतिपक्षाला आयती फट मिळते.

तुला घरचा इतिहास ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो. छप्पन साली माझे वडील भोकरदनजवळच्या आपल्या गावी चावडीसमोर उभे राहिले. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या हातात दिलेला गावझाडणीचा झाडू त्यांनी चावडीच्या पायरीवर ठेवला आणि या घरातला हात दुसऱ्याचे दार पुन्हा झाडणार नाही, असे सांगितले. मी आठ वर्षांचा होतो. पाटलांनी काय उत्तर दिले ते आठवत नाही. वडिलांचे हात मोकळे दिसत होते, एवढे स्वच्छ आठवते. झाडू हे आपल्यासाठी साधन नाही, चिन्ह आहे.

म्हणून पाटी लांगेबाईंच्या दाराशी परत ठेव आणि सोबत पत्र दे. मसुदा मागील बाजूस लिहिला आहे. मुद्दे तीन, विशेषण एकही नाही. विशेषण वापरले की तक्रारीची विनवणी होते.

राजानंदाला, म्हणजे तुझ्या वडिलांना, हे सांगितले. तो म्हणाला की आधी एखाद्या शेजाऱ्याला विचारून घेतले असते तर बरे. तुझे वडील स्वभावाने तडजोडीचे आहेत. तू माझ्यावर गेली आहेस, आणि मला त्याचे समाधान आहे.

प्रकृतीस जप. स्नेह मागावा लागत नाही. ताठ मान मात्र मागतो आहे.

तुझा आजोबा,
तातेराव

*

ट्यूबिंगन
१७ नोव्हेंबर २०२४

ती. आबांस,
भावनाचा सविनय जयभीम.

वि. वि. पत्राला उशीर झाला. अभ्यास हे कारण नाही. लाज हे कारण आहे.

तुमचा मसुदा जर्मनमध्ये उतरवून मी पाटी आणि झाडूसह लांगेबाईंच्या दाराशी ठेवला. त्याच संध्याकाळी त्या काठी टेकत तीन मजले चढून माझ्याकडे आल्या. दम लागला होता, पण बसल्या नाहीत. मला समजावे म्हणून सावकाश बोलल्या. म्हणाल्या की पत्र त्यांना नीट उलगडले नाही. परंतु आपल्या देशातल्या उच्च घराण्यांत झाडूला हात लावणे धर्माने वर्ज्य असते, असे त्यांनी वाचले आहे. तसे काही आहे का? तसे असेल तर त्या माझी श्रद्धा दुखावणार नाहीत. माझ्या वाटचे त्या करतील.

आबा, आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला वरची समजले होते.

मी मान हलवली. आपल्याकडे हलवतात तशी. ती होकाराची होती की नकाराची, हे त्यांना कळले नसेल. मला कळले होते.

त्या आठवड्याचे उरलेले दिवस त्यांनी जिना झाडला. दाराबाहेरच्या फरशीवर ओली पाने चिकटून बसतात. ती त्या एका हाताने झाडूत ओढत होत्या आणि दुसऱ्या हाताने काठी धरून होत्या. मी खिडकीतून पाहत होते. पुढच्या शनिवारी पाटी समोरच्या दारावर आली. तिथे हृदयरोगाचे एक डॉक्टर राहतात. त्यांनी अर्ध्या चड्डीत, शीळ घालत जिना झाडला. त्यानंतर पाटी त्याच्या पुढच्या दारावर गेली. इथे प्रत्येक घराला एक आठवडा येतो. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. मी त्या एका शनिवारी सात दारे पाहिली. दुसरा शनिवार पाहिला नाही.

चौदा डिसेंबरला पाटी पुन्हा माझ्या दारावर येणार. त्याआधी लांगेबाईंना खरे सांगायला हवे. तीनदा तळमजल्यापर्यंत गेले आणि परत आले. पत्राची चूक कबूल करणे सोपे आहे. अडते ते पुढे. मी वरची नाही, हे सांगताना जीभ अडखळते. आणि ती अडखळते याचीच मला सर्वांत जास्त लाज वाटते.

रागावू नका, पण एक विचारते. आपल्या घरचा हात दुसऱ्याचे दार झाडत नाही. मग आपले दार दैवशालामावशी झाडतात, त्यांचा हात कोणाच्या घरचा? आणि चांगुणाआजी, तुमची सख्खी बहीण, तुमच्याच कॉलेजात झाडायला होती. हे मला बारावीत असताना बाहेरच्या माणसाकडून कळले. आपण घरात ते कधीच का बोललो नाही? बाबांना विचारले. ते म्हणाले, आबांना विचार.

माझ्यावरची माया या पत्रानंतरही उरली असेल तर तेवढीच पुरे आहे.

आपली,
भावना

*

मस्तगड, जुना जालना
२४ नोव्हेंबर २०२४

चि. भावना हिस,
आशीर्वाद. ते देण्याचा अधिकार मला आहे असे तात्पुरते गृहीत धरतो.

आधी माझी चूक. एका दिवसाच्या निरीक्षणावरून मी नियम काढला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने हे केले असते तर मी त्याला नापास केले असते. राजानंदाने तडजोड सुचवली नव्हती, पडताळणी सुचवली होती. हा फरक मला कळायला हवा होता. निष्कर्ष माझ्या मनात आधीच बसलेला होता. तुझ्या पत्रातून मी फक्त त्याला पुरावा वेचला.

हा मुद्दा मी चार पाने लिहिला होता. चौथ्या पानावर लक्षात आले की मी चांगुणाअक्कापर्यंत पोचायचे टाळतो आहे. ती पाने फाडली.

वडिलांनी झाडू ठेवला, हे खरे. सात वर्षांनी तो अक्काने उचलला, हेही खरे. कारण वडील गेले होते आणि मला शिकायचे होते. मी ज्या कॉलेजात शिकलो तिथे ती झाडायला होती. पुढे मी तिथेच अध्यापक झालो, तेव्हाही ती तिथेच होती. मी खडूने लिहायचो त्या फळ्याखालची फरशी ती पुसायची.

एकोणनव्वद साली नवे प्राचार्य आले. व्हरांड्यात ते, संस्थेचे दोन सभासद आणि मी बोलत उभे होतो. अक्का एका हातात झाडू आणि दुसऱ्या हातात माझा डबा घेऊन आली आणि लांबूनच म्हणाली की तात्या, डबा राह्यला की रं. प्राचार्यांनी विचारले की या बाई तुमच्या परिचयाच्या आहेत का. मी म्हणालो की आमच्या गावाकडच्या आहेत.

ते वाक्य मी पस्तीस वर्षे तपासतो आहे. त्यात एकही शब्द असत्य नाही. त्याच्याइतके खोटे वाक्य मी आयुष्यात दुसरे बोललो नाही.

अक्काने ऐकले. तिने डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि म्हणाली की सर, तुमचा डबा. त्या दिवसापासून ती मला सर म्हणते. घरात म्हणते, तुझ्या वडिलांच्या लग्नात म्हणाली. तुम्हा मुलांना ती तिची थट्टा वाटे आणि तुम्ही हसत होता. मी तुम्हाला हसू दिले.

घरचा नियम अबाधित राहावा म्हणून आम्ही तिलाच घराबाहेर ठेवले. तू मान हलवलीस. माझ्याजवळ तर भाषा होती.

दैवशालेचा प्रश्नही बिनतोड आहे. आज सकाळी मी तिच्या हातातून झाडू मागितला. मला वेड लागल्यासारखे तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली की सायेब, माझं काम सुटलं का काय? तिची समजूत घालायला अर्धा तास लागला. तेवढ्यात अंगण तिनेच झाडून टाकले.

लांगेबाईंना काय सांगावे ते मी सांगणार नाही. माझ्या मसुद्यांचा तुला पुरेसा त्रास झाला आहे.

लोभ ठेवावा असे मी सवयीने लिहीत आलो. आज अर्थ समजून लिहितो.

तातेराव

*

मस्तगड, जुना जालना
१ डिसेंबर २०२४

ती. चांगुणाअक्कास,
तातेरावाचा जयभीम.

हे पत्र तुझी सून संध्या तुला वाचून दाखवील. तिच्यासमोर वाचले जाणार, म्हणूनच लिहितो आहे. तू एकटी असताना येऊन क्षमा मागितली असती तर तीही लपवाछपवीच झाली असती.

हे माझे तुला पहिले पत्र. तुला वाचता येत नाही, मग लिहायचे कशाला, असे मी स्वतःला सांगत आलो. मला शिकवताना तुझे शिकणे राहिले, आणि तेच मी न लिहिण्याचे कारण केले.

संध्या, पुढचे मोठ्याने वाच. अक्का माझी बहीण आहे. ती माझ्या कॉलेजात झाडत होती, म्हणून मी तिथे शिकवू शकलो. हे मला एकोणनव्वद साली व्हरांड्यात तीन माणसांपुढे म्हणायचे होते आणि मी म्हणालो नाही. तिने ऐकले, हे मला माहीत होते.

भोकरदनला यावे असे वाटते. यावे की नाही ते तू ठरव. या बाबतीत माझ्याजवळ मांडण्यासारखा एकही मुद्दा नाही.

तुझ्या लोभाची अपेक्षा धरण्याचे धाडस करतो आहे.

तुझा धाकटा भाऊ,
तातेराव

*

भोकरदन
८ डिसेंबर २०२४

ती. मामांस,
संध्याचा जयभीम. आई सांगतात तसेच लिहिते आहे. सुधारायचे नाही असे त्यांनी बजावले आहे.

तात्या,

पत्र ऐकलं. संध्यानं दोनदा वाचलं. पयल्या बारीला तिलाच रडू आलं, मला बराबर ऐकू आलं न्हाई. तू लई जड लिहितोस. मधी मधी दम घ्यावा लागतो.

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला राग आल्ता. झाडू तिथंच टाकून घरी जावं वाटलं. पण तुझा तास हुता अन् तुझीच खोली झाडायची राह्यल्ती. झाडली. मंग सर म्हणाया लागले. पयल्यांदा त्या लोकांसाठी म्हणलं. मंग तुला टोचावं म्हणून म्हणत राह्यले. तू एकदा तरी म्हणशील, अक्का, सर म्हणू नको. मी वाट बघत हुते. पस्तीस साल झाले तात्या. इतकी वाट एस्टीची बी कुणी बघत न्हाई.

बाबांनी झाडू ठिवला ते बराबरच केलं. मी उचलला ते बी बराबर. त्यांचा लोकांनी हातात दिल्ता, माझा मी घेतल्ता. ह्यात काय फरक हाय ते तुझ्या पुस्तकात असंल तर बघ.

भावनाचा फोन आल्ता. जिना वरून खाली झाडतेत का खालून वर, इचारत हुती. म्हणलं, येडे, वरून खाली ये, न्हाईतर झाडलेल्यावर पुन्हा धूळ. त्या म्हातारीला समदं खरं सांगितलं म्हणली. कोण हाय, कुणाची नात हाय, माझं नाव घेऊन सांगितलं म्हणं. म्हातारीनं ऐकून घेतलं. मंग म्हणली, शनवारी पाटी तुझ्या दारी येईल. बिलकुल रागावली न्हाई म्हणं. शाणी बाई दिसती.

आता तुझं. तुझ्या तासाला मी भाईरचा व्हरांडा मुद्दाम सावकाश झाडायची. दरसाली पयल्या दिवशी तू तेच सांगायचास. सगळी माणसं मरतेत, अमका माणूस हाय, म्हणून अमका मरणार. मला पाठ हाय. पण तू नाव कायम दुसऱ्याचंच घालायचास. मी आपलं घालून बघितलं.

सगळी माणसं मरतेत. चांगुणा माणूस हाय.

मंग जल्दी ये. डबा आणू नको, भाकर हितंच खा.

लोभ हुता तेवढाच हाय, कमी झाला न्हाई.

तुझी अक्का